तोडायची फुलं, पाहायची फुलं

नागपूरच्या कुठल्याही बागेत जा, अंबाझरी म्हणा, तेलंगखेडी म्हणा, नाहीतर आपल्याच लेआऊटमधली ती कोपऱ्यातली ग्रीन जिमवाली बाग, आत शिरल्या शिरल्या पाटी असतेच, 'फुले तोडू नयेत'. आणि त्याच पाटीच्या मागे सकाळी साडेपाचला कोणीतरी काकाजी एका हातात कॅरीबॅग आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन (पाऊस नाही काही नाही, छत्रीची मूठ फांदी वाकवायला) कण्हेरीशी झटापट करत असतात. मला पाटीही पटते आणि काकाजीही पटतात. म्हणजे पूर्ण नाही पटत, पण समजतात. कारण आपल्याकडे बागेच्या दोन जाती आहेत, एक पाहायची आणि एक तोडायची, आणि ह्या दोघींचं एकमेकींशी कधी जमलंच नाही.

पाहायची बाग मुळात राजेलोकांची. नागपुरात भोसल्यांनी बागांची हौस भरपूर केली, महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, ही सगळी त्यांच्या काळातली नावं. आपण ज्याच्यावर जगभर मिरवतो तो संत्रासुद्धा रघुजी राजांनी अठराव्या शतकात औरंगाबादकडून आणून आधी स्वतःच्या वाड्याच्या बागेतच लावला असं सांगतात, म्हणजे ही ऑरेंज सिटी सुरू झाली ती एका घराच्या परसातून! मग इंग्रज आले, त्यांनी महाराजबागेत झाडांवर पाट्या लावल्या, प्राणी आणले, सिव्हिल लाईन्समध्ये मोठ्ठाले बंगले आणि त्याच्यापुढे हिरवळ. हिरवळ ही एक मला न समजलेली गोष्ट आहे, मे महिन्यात नागपुरात हिरवळ जगवायची म्हणजे माळ्याने दिवसभर पाईप धरून उभं राहायचं आणि त्या गवताचा उपयोग काय तर त्याच्यावर चालायचं नाही. महाराजबाग आता कृषी विद्यापीठाकडे आहे, लहानपणी वाघ पाहायला जायचो, बाहेर येऊन गोळा खायचो. फुलं कोणती होती तिथे? मला एकही आठवत नाही. पाहायच्या फुलांचं हे असं होतं, पाहून झाली की झाली.

तोडायची बाग मात्र मला झाडागणिक आठवते. माहेरचं घर हनुमान नगरकडे, नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आल्यानंतर शहरभर जे चौकोनी प्लॉट पडत गेले त्यातलाच एक, पंधराशे स्क्वेअर फूट, त्यात घर बांधून झाल्यावर पुढे उरली होती जेमतेम स्कूटर आणि एक खाट मावेल इतकी जागा. त्या जागेत आईने काय काय कोंबलं होतं! फाटकापाशी लाल जास्वंद, भिंतीला लागून कण्हेर आणि चांदणी, नळाखाली कर्दळ, मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे गोडनिंब (म्हणजे कढीपत्ता) आणि अळू, वट्ट्यावर तुळस, आणि पारिजातक असा लावलेला की अर्धा आमच्याकडे आणि अर्धा शेजाऱ्यांच्या अंगणात झडायचा. आता त्याला कोणी गार्डन म्हटलं असतं तर आई हसली असती. तिच्यासाठी ते देवाच्या फुलांचं झाड, चटणीत टाकायचं झाड, सर्दीचं झाड. नुसतं दिसायला चांगलं म्हणून लावलेलं एकही नव्हतं, आणि तरी दिसायला ते इतकं चांगलं होतं.

आणि तोडण्याचे नियम केवढे. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपतात. तुळस द्वादशीला तोडायची नाही, आमच्याकडे रविवारीही नाही. कळ्या देवाला वाहायच्या नाहीत. गणपतीला तुळस नको, महादेवाला केतकी नको, बेलाचं पान पालथं वाहायचं. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, फक्त पारिजातकाचं चालतं कारण ते स्वतःच पडतं. आणि सगळी फुलं कधी काढायची नाहीत, दोनचार झाडावर राहू द्यायची, 'झाडाचं मन राहते नं' असं आई म्हणायची. तेव्हा हा सगळा सोवळ्याओवळ्याचा भाग वाटायचा आणि कंटाळा यायचा. आता स्वतः झाडं लावते तर वाटतं की ह्यातले निम्मे नियम माळ्याचे आहेत. संध्याकाळी अंधारात हात घातला तर फांदीच मोडते. कळ्या तोडल्या तर उद्याची फुलं गेली. आठवड्यातून एखाद दिवस तुळशीला सुट्टी मिळाली तर ती बिचारी फुटवे धरते. शास्त्र कोणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, देव रागावतो म्हटल्यावर ऐकलं.

हरतालिकेच्या सोळा पत्री मी पाठ केल्या होत्या, बेल, आघाडा, मालती, दूर्वा, चाफा, कण्हेर, बोर, रुई, तुळस, आंबा, डाळिंब, धोतरा, जाई, मरवा, बकुळ, अशोक. आईबरोबर अर्धा लेआऊट पालथा घालायचो आम्ही, कोणाकडे डाळिंब, कोणाकडे बकुळ, रुई आणि धोतरा रिकाम्या प्लॉटवर, आघाडा कुठेही. म्हणजे एका बाईच्या घरी सोळाही झाडं असावीत असं त्या यादीतच नाही, ती यादी तुम्हाला दहा घरांच्या फाटकातून फिरवून आणते, ह्याच्यासाठीच केली असावी असं मला तरी वाटतं. आता गोकुळपेठेच्या बाजारात पत्रीची तयार जुडी मिळते, आणि त्यात खरं म्हणजे जे हिरवं हाताला लागलं ते बांधलेलं असतं. एकदा माझ्या जुडीत सुबाभूळ निघाली. पार्वतीने चालवून घेतलं असेल. महालक्ष्म्यांच्या वेळेला तर फुलांचे भाव असे चढतात की सीताबर्डीच्या फूल मार्केटात शेवंतीचा भाव विचारून माणूस दोन पावलं मागे सरकते.

हे फक्त आमच्या पूजेपुरतं नाही. आमच्या मजल्यावर समोरच्या काकू रोज संध्याकाळी बुद्धवंदना घेतात, त्यांना पांढरी फुलं लागतात, चांदणी नाहीतर मोगरा. त्यांच्याकडून मला कळलं की फुलं वाहताना जी पाली गाथा म्हणतात तिचा अर्थच असा आहे की हे फूल जसं कोमेजतं तसंच हे शरीरही नाशाकडे जातं. मी ऐकून थोडी थांबले. आम्ही वाहतो, हात जोडतो, दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढतो आणि त्याच्याकडे पाहत पण नाही, इथे कोमेजणं हीच मुद्द्याची गोष्ट. त्याच काकूंच्या घरी दीक्षाभूमीच्या बोधिवृक्षाचं पान आहे, वहीत जपून ठेवलेलं, तोडलेलं नाही, खाली पडलेलं उचललेलं. विजयादशमीला लाखो लोक येतात नागपुरात, १९५६ पासून येताहेत, आणि त्यातले कितीतरी जण पुस्तकं घेऊन जातात आणि असं एखादं पान. आणि तिकडे उमरेड रोडला ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर गेलात तर गुलाबाची चादर, टोपल्याच्या टोपल्या गुलाब, अख्खी गल्ली वासाने भरलेली. ह्या शहरात देव, बुद्ध, बाबा सगळ्यांनाच फूल लागतं आणि ते तोडलेलंच लागतं.

मजा म्हणजे ह्यातली अर्धी फुलं आपली नाहीतच. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडातला, गुलबक्षी पण तिकडचीच, शेवंती चीनची, सदाफुली मादागास्करची. झेंडू यायच्या आधी दसऱ्याला तोरणात काय लावत असतील हा विचार मी कधीकधी भांडी घासताना करते. म्हणजे पाहुणी म्हणून आली आणि देव्हाऱ्यात जाऊन बसली, कोणी कागद मागितले नाहीत. अस्सल इथला म्हणावा तर पळस, होळीच्या आधी काटोल रोडने बाहेर पडलं की दिसतो, पण पळस कोणी कुंडीत लावत नाही, त्याला पाहायला आपणच जायचं असतं.

आता माझ्या घरी येते. आमची फ्लॅट स्कीम आहे, तीन माळ्यांची, आमचा टू बीएचके दुसऱ्या माळ्यावर, पश्चिमेला गॅलरी. पश्चिम! बिल्डरने ब्रोशरमध्ये 'सनसेट व्ह्यू' लिहिलं होतं. नागपुरात पश्चिमेची गॅलरी म्हणजे मार्चपासून दुपारी दोन ते सहा तिथे उभं राहायचं काम नाही. २३ मे २०१३ ला ह्या शहरात ४७.९ होतं, आणि ते सावलीतलं, वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीतलं. ऊन खात असलेल्या भिंतीजवळ, ग्रिलच्या लोखंडाजवळ काय होत असेल ते झाडांनाच माहीत. डिसेंबर २०१८ मध्ये हेच शहर ३.५ वर गेलं होतं. इतका हेलकावा खाणारं झाड हवं तर पुण्या-मुंबईच्या व्हिडीओत दाखवतात ती झाडं कामाची नाहीत, ते फर्न आणि ते ऑर्किड आणि ते 'लो मेंटेनन्स' काय काय, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पापड होतात त्यांचे.

काही गोष्टी इथे राहूनच समजतात. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हाळ्यात नको, मुळं आतल्या आत शिजतात. मातीचा गमला जड असतो, फुटतो, पण अंगातून पाणी झिरपवतो आणि माठ थंड राहतो तसा थंड राहतो. माती आपली काळी, कापसाची, शेतात सोनं पण कुंडीत डोकेदुखी, ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा, मग त्या भेगांतून टाकलेलं पाणी सरळ खालच्या ताटलीत, मुळांना काहीच नाही. तिच्यात रेती, शेणखत, थोडं कोकोपीट मिसळल्याशिवाय भागत नाही. ताटलीतलं पाणी रोज फेकायचं, डेंग्यूचे डास तिथेच होतात. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायचा मोह सगळ्यांनाच होतो, वाया कशाला घालवायचं म्हणून, पण कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो, आठवडाभराचं ते पाणी बोअरच्या पाण्याहूनही खारट झालेलं असतं, गमल्यावर पांढरं पोपडं आलं की समजायचं. ते पाणी पायऱ्या धुवायला. मे अखेरच्या नवतप्यात हिरवी नेट, बुंध्याशी वाळका पाला, सूर्य उगवायच्या आधी एकदा आणि रात्री एकदा पाणी, दुपारी अजिबात नाही. बाकी नशीब.

आणि तरी हे शहर फुलांसाठी वाईट नाही, उलट काही फुलांना हेच पाहिजे असतं. मोगरा बघा. थंडीत त्याची छाटणी करायची, पाणी तोडायचं, पानं गळून काड्या राहिल्या तरी जीव घट्ट करून बसायचं, मग शेणखत आणि पाणी, आणि ऊन जसं चढत जातं तसा तो फुलत जातो. आपले संत्रावाले तरी काय करतात, काटोल-नरखेड-वरूडकडे कोणालाही विचारा, झाडाला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही. पाणी बंद करून झाड सुकवायचं, मग सोडायचं की अख्खी बाग पांढऱ्या फुलांनी लदते, अंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार पावसाच्या तोंडाशी. त्या बहारात रात्री त्या रस्त्याने गाडीची काच खाली करून जा एकदा. बोगनवेलीचंही तेच, रस्त्याच्या डिव्हायडरमध्ये कोणी पाणी देत नाही आणि ती भर उन्हात गुलाबी होऊन बसते, घरी लाड करा तर नुसती पानं. सुखात ठेवलं की फुलत नाही असं म्हणून ह्याचा उपदेश करता येईल पण मला उपदेश करायचा नाही, कारण जास्वंदीला एक दिवस पाणी कमी पडलं तर ती सगळ्या कळ्या टाकून देते आणि वरून मिलीबगची कीड बोलावते. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

शेवंतीचं तर वेगळंच. तिला रात्र मोठी लागते, दिवस लहान व्हायला लागले की ती कळ्या धरते. आता आमच्या खालच्या माळ्यावरच्या वहिनींची शेवंती हिरवीगार, कमरेइतकी, आणि फूल नाही. खत बदललं, माती बदलली, नजर उतरवली. त्यांच्या गॅलरीसमोर खांबावर नवीन एलईडी लागला होता, रात्रभर लख्ख. झाडाला रात्र झाली हे कळतच नव्हतं! कुंडी जिन्याखालच्या अंधाऱ्या बाजूला सरकवली, दिवसा उन्हात आणायची, संध्याकाळी परत, असं लेकरासारखं ने-आण केलं तेव्हा दिवाळी उलटल्यावर का होईना फुलली. फ्लॅटमध्ये जागा कमी असते ते सगळे बोलतात, अंधार कमी असतो हे कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या मुलीला माझं तोडणं पटत नाही. ती म्हणते, आई, झाडावर किती छान दिसतं, तू तोडून त्या फोटोसमोर ठेवणार आणि संध्याकाळी फेकणार, काय अर्थ आहे. तिची गॅलरी मोबाईलमध्ये आहे, तिथे पांढऱ्या कुंड्या, मॅक्रमे, फेअरी लाईट्स, एक आरामखुर्ची, आणि फूल हे मागे. मी तिला म्हटलं जास्वंदीचं फूल असंही एकच दिवस असतं, सकाळी उमललं, दुसऱ्या दिवशी मिटून गळतं, मी तोडलं काय आणि नाही तोडलं काय. झेंडू, गुलाब ह्यांची तर जुनी फुलं काढली नाहीत तर झाड बी धरायला लागतं आणि फुलायचं कमी होतं. ती म्हणाली ते शास्त्र झालं, मी नजरेचं बोलून राहिली. बरोबर आहे तिचं पण. ती रात्री लाईट लावून त्या दीड बाय आठ फुटाच्या पट्टीत चहाचा कप घेऊन बसते, तिच्यासाठी तीच तेलंगखेडी. एवढ्याशा घरात माणसाला स्वतःचा म्हणून एक कोपरा पाहायला लागतो, सगळंच देवाला आणि चटणीला नाही देता येत. माझी अट फक्त एवढीच की नुसतं पाहायला ठेवलेलं झाड मेलं तर नर्सरीतून दुसरं आणून त्याच कुंडीत खोचायचं नाही. ती पद्धत मला हॉटेलच्या रिसेप्शनसारखी वाटते. का मेलं ते तरी विचारा.

आणि मोगरा ती पण तोडते, हे मी मुद्दाम सांगते. संध्याकाळी पाच वाजता कळ्या फुगल्या की वाटी घेऊन जाते, निम्म्या माठात, निम्म्या उशाशी. त्याच्यावर काही वाद होत नाही.

बाकी फूलचोरांचं काय करायचं हा प्रश्न आमच्या स्कीममध्ये दर मीटिंगला येतो. खाली कंपाउंडच्या आत चांदणी आणि जास्वंद आहे, पण सकाळी सहानंतर एक फूल दिसेल तर शपथ. वॉचमन म्हणतो बाहेरचे नेतात, बाहेरचे म्हणतात तुमच्याच स्कीममधले वरून दोरीला हूक बांधून ओढतात, आणि मला दोन्ही खरं वाटतं. सेक्रेटरींनी पाटी लावायचा ठराव आणला, तीच ती पाटी. समोरच्या काकू म्हणाल्या, 'अजी पाटी काहून लावता, झाडं लावा नं अजून. देवाला नेते तो तर नेईनच.' मग गच्चीचा विषय निघाला, गच्चीवर गमले ठेवले तर स्लॅब पाझरतो असं एका गटाचं म्हणणं, विटांवर स्टँड करून खाली पाणी साचू दिलं नाही तर काही होत नाही असं आमचं, वॉटरप्रूफिंगचा खर्च कोणी द्यायचा ह्यावर गाडी अडली ती अडलीच आहे. तोपर्यंत एक तडजोड झाली आहे की वरच्या टाकीच्या सावलीत, बीमच्या वरच, दोनच रांगा. मे महिन्यात जो कोणी लग्नाला नाहीतर गावाला जाईल त्याने चावी नाही दिली तरी चालेल पण गमले शेजाऱ्यांच्या हवाली करून जायचं. मागच्या उन्हाळ्यात माझ्या गॅलरीत तीन घरच्या तुळशी होत्या, नळाला जेव्हा पाणी येईल तेव्हा आधी त्यांना, कारण दुसऱ्याची तुळस आपल्याकडे वाळली तर तोंड दाखवायची सोय नाही. त्याच्या बदल्यात कोणी फांदी देतं, कोणी मरवा देतं. मनी प्लांट मात्र मागून लागत नाही, चोरूनच आणावा लागतो अशी आमच्या इथे पक्की समजूत आहे, त्यामुळे तो सगळे एकमेकांच्या जिन्यातून चोरतात आणि सगळ्यांना माहीत असतं.

ह्या पावसाळ्यात दोन चांगले सरवे येऊन गेले की मी मोगऱ्याची दुसरी छाटणी करणार आहे, हलकी. त्या काड्या फेकत नाही मी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या घ्यायच्या, खालची पानं काढायची, रेती मिसळलेल्या मातीत दोन डोळे आत जातील इतक्या खोचायच्या आणि सावलीत ठेवायच्या, महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात, सगळ्या नाही धरत. स्कीममधल्यांनी येताना दुधाची रिकामी पिशवी किंवा दह्याचा डबा घेऊन या, खाली भोक पाडून. गेल्या वर्षी सगळे रिकाम्या हाताने आले आणि माझे स्टीलचे चार डबे अजून परत आलेले नाहीत.